घरात कुणाला एआरव्हीसी निघाला तर काय समजून घ्यायचं आणि कुठून सुरुवात करायची

दादाच्या फाइलवर ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी, वहिनी आणि धाकटी बहीण हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसलो होतो. अ‍ॅरिदमोजेनिक राइट व्हेंट्रिक्युलर कार्डिओमायोपॅथी, एवढं लांब की बहिणीने ते दोन दमात वाचलं, आणि वहिनीने एकच विचारलं, "ब्लॉकेज आहे का नाही तेवढं सांगा." ब्लॉकेज नव्हता, अँजिओग्राफी एकदम क्लीन. आदल्या रविवारी बॉक्स क्रिकेट खेळताना एक रन पळून दुसऱ्यासाठी वळला आणि तिथेच कोसळला, वय ३८, ना बीपी ना शुगर ना तंबाखू. नातेवाईक फोनवर एकमेकांना सांगत होते की ब्लॉकेज नाही म्हणजे सुटलो, आता काळजी नाही. खरी काळजी तिथूनच सुरू होते हे कळायला आम्हाला दोन महिने गेले, ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, हिशेब लिहिणारा माणूस आहे, त्यामुळे गोळ्यांचे डोस वगैरे मला विचारू नका. पण काय समजून घ्यायचं, कुणाला काय विचारायचं आणि घरात काय करायचं हे सांगू शकतो.

आधी ब्लॉकेजचा विषय डोक्यातून काढा

आपल्याकडे हार्ट म्हटलं की नळी तुंबली, स्टेंट टाकला, बायपास केली, एवढंच माहीत असतं. इथे नळ्या चांगल्या असतात, बिघाड असतो स्नायूत, आणि त्या स्नायूतून जी वीज फिरते तिच्यात. एआरव्हीसी हा आनुवंशिक आजार आहे, साधारण २००० ते ५००० माणसांत एकाला असतो असं धरतात. म्हणजे तसा दुर्मिळ, पण तालुक्यात हिशेब मांडला तर अगदीच कुणी नाही असंही नाही.

मला तो समजला तो आजीच्या गोधडीमुळे. हार्टच्या पेशी एकमेकींना टाक्यांनी शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात, त्या टाक्यांना डेस्मोसोम म्हणतात, आणि ते टाके ज्या प्रोटीनचे बनतात त्याची कृती जीन्समध्ये लिहिलेली असते. त्या कृतीतच चूक असेल तर टाका कच्चा पडतो. पडून असलेली गोधडी कच्च्या टाक्यांनीही वर्षानुवर्षं टिकते, पण ती रोज धुतली, पिळली, आपटली की उसवायला लागते. हार्टचंही तसंच, ताण आला की पेशी सुट्या होतात, मरतात, आणि त्या जागी शरीर चरबी आणि जखमेच्या व्रणासारखा टिशू भरून ठिगळ लावतं. उजव्या खालच्या कप्प्याची भिंत मुळातच पातळ, म्हणून बहुतेकदा उसवण तिथून सुरू होते. आता या ठिगळातून वीज सरळ जात नाही, अडखळते, वळसा घालून परत तिथेच येते आणि गोल गोल फिरायला लागते. मग ठोके मिनिटाला दीडशे-दोनशेच्या वर जातात, हार्ट नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही आणि माणूस कोसळतो. वर्षं जातात तसा काही जणांत डावा कप्पाही उसवतो, काहींत तर सुरुवातच डावीकडून होते, म्हणून हल्ली डॉक्टर नावातला राइट काढून नुसतं अ‍ॅरिदमोजेनिक कार्डिओमायोपॅथी असंही लिहितात. दोन रिपोर्टवर दोन नावं दिसली तर घाबरू नका, बहुतेक तेच आहे.

सगळ्यात वाईट भाग हा की ठिगळ डोळ्याला दिसायच्या आधीही वीज बिघडू शकते. म्हणजे इको नॉर्मल आणि माणूस धोक्यात, असं होऊ शकतं. हे वाक्य परत वाचा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

चक्कर हा शब्द जपून वापरा

दादाला आधी तीन वर्षं त्रास होता. धडधड व्हायची, मध्येच ठोका चुकल्यासारखं वाटायचं, एका ठिकाणी दाखवलं तर गॅस आहे म्हणून गोळ्या दिल्या. डोंगरावरच्या देवीला जाताना पायऱ्यांवर तो एकदा पडलाही होता, पण आम्ही डॉक्टरला काय सांगितलं तर "चक्कर आली." आपल्या मराठीत चक्कर म्हणजे काहीही असतं, उपाशी राहिल्याने गरगरलं तरी चक्कर, मान दुखली तरी चक्कर आणि माणूस पूर्ण शुद्ध हरपून पडला तरी चक्करच. डॉक्टरला यातलं शेवटचं वेगळं कळायला हवं. शुद्ध गेली का, किती वेळ, पळताना-चढताना गेली का बसल्या जागी, पडायच्या आधी धडधड होती का, आणि उठल्यावर लगेच भानावर आला का गोंधळलेला होता, हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. मेहनतीचं काम करताना शुद्ध हरपली असेल तर ती साधी चक्कर समजायचीच नाही. दुसरा घोळ फिटचा. ठोका बिघडून मेंदूला रक्त कमी पडलं तरी हातपाय झटके देतात, बघणारे म्हणतात फिट आली, आणि माणूस वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या खात राहतो. फिटच्या प्रत्येक पेशंटचा एक ईसीजी निघावा असं माझं आता ठाम मत झालंय, खर्च तरी कितीसा.

त्या रविवारी टर्फवर काय झालं तेही सांगतो. दोन जण कांदा शोधायला पळाले, एकाने चप्पल काढली नाकाला लावायला, आणि एक विशीतला पोरगा, ज्याने कॉलेजात सीपीआर शिकला होता, तो गुडघ्यावर बसून छातीच्या मधोमध जोरजोरात दाबत राहिला आणि ओरडून १०८ लावायला सांगत होता. दादा आज आहे तो त्या पोराच्या हातांमुळे. माणूस हलवून उठत नाही आणि श्वास नीट चालत नाही असं दिसलं की कांदा नाही, चप्पल नाही, पाणी तर अजिबात पाजायचं नाही. १०८ लावायचा, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. घरातल्या प्रत्येकाने हे शिकून घ्या, आजार असो नसो.

पहिली टेस्ट कागद-पेनाची

हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय. एमआरआयच्या आधी, जीन टेस्टच्या आधी, घराण्याचा तक्ता काढा. आम्ही तो एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढला, आत्याला मध्ये बसवून. प्रत्येकाचं नाव, हयात असेल तर वय, गेला असेल तर किती वर्षांचा होता आणि नेमका कसा गेला. "अटॅकने गेला" यावर थांबायचं नाही, आपल्याकडे अचानक गेलेला प्रत्येक माणूस अटॅकनेच जातो. काय करताना गेला, कुणी पाहिलं, त्याआधी कधी पडला होता का, हे विचारायचं. आत्या बोलत गेली तसं निघालं की वडिलांचे मोठे भाऊ ३४ व्या वर्षी विहिरीत बुडून गेले, आणि ते पट्टीचे पोहणारे होते. आजोबांचा भाऊ ऊस तोडताना बसल्यासारखा झाला आणि संपला, वय आत्याला आठवेना पण त्याची पोरं तेव्हा रांगत होती. घरात इतकी वर्षं यावर पितृदोष म्हणून विधी झाले, एका काकूला पांढऱ्या पायाची म्हणून बोल लागले, आणि इकडे उत्तर त्या पत्रिकेच्या मागे दोन गोल आणि चार रेघांत होतं. विहिरीतल्या बुडण्याचं आता सिद्ध करता येणार नाही हे मान्य, पण पट्टीचा पोहणारा बुडणं, एकट्याचा सरळ रस्त्यावर गाडीचा अपघात होणं, चाळिशीच्या आतला अचानक मृत्यू, या तीन गोष्टी तक्त्यावर लाल पेनाने लिहा आणि तो कागद कार्डिओलॉजिस्टसमोर ठेवा. आमच्या डॉक्टरांनी सगळ्या रिपोर्टांपेक्षा जास्त वेळ त्या पत्रिकेकडे बघितलं.

आनुवंशिक म्हणजे कसं, तर बहुतेक घरांत आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून बिघडलेली एक प्रत आली तरी पुरते, आणि प्रत्येक मुलाला ती मिळायची शक्यता ५० टक्के असते. मुलगा-मुलगी असा भेद नाही, फक्त पुरुषांत त्रास बऱ्याचदा लवकर आणि जोरात दिसतो. आणि जीन मिळाला म्हणजे आजार आलाच असंही नाही, एकाच घरात सत्तरीचा माणूस काठी टेकत आरामात फिरतोय आणि त्याचा पंचविशीचा मुलगा कोसळतोय असं होतं. म्हणून "बाबांना काही नाही तर मला कसं असेल" हे आर्ग्युमेंट इथे चालत नाही.

एक प्रकार मात्र वेगळा आहे आणि तो मला फार इंटरेस्टिंग वाटतो. ग्रीसमधल्या नॅक्सोस नावाच्या बेटावर काही घरांत केस लोकरीसारखे कुरळे, तळहात-तळपाय जाड आणि सोबत हा हार्टचा त्रास, असं एकत्र दिसायचं. निकोस प्रोटोनोटारिओस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ते मांडलं आणि २००० मध्ये त्यामागचा प्लाकोग्लोबिनचा, म्हणजे त्या टाक्यांतल्याच एका प्रोटीनचा, जीन सापडला. कातडीच्या पेशीही त्याच टाक्यांनी शिवलेल्या असतात, म्हणून कातडी आणि हार्ट दोन्ही एकदम. हा प्रकार व्हायला आई-वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते, आणि रक्तातल्या नात्यात लग्न झालं की ती शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही अजूनही कौतुकाची गोष्ट आहे, त्यामुळे तक्त्यात अशी लग्नं असतील तर दुहेरी रेघ मारा, आणि कुणाचे तळपाय लहानपणापासून जाड, भेगाळ असतील आणि केस लोकरीसारखे असतील तर तेही डॉक्टरला सांगा. नुसत्या भेगांना घाबरायचं नाही, शेतात अनवाणी फिरणाऱ्या प्रत्येकाला त्या असतात.

रिपोर्ट हातात आले की

एका टेस्टवर हा आजार ठरत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. १९९४ मध्ये डॉक्टरांच्या टास्क फोर्सने निकष केले आणि २०१० मध्ये सुधारले. त्यात ईसीजी, ठोक्यांचा बिघाड, हार्टचा आकार, स्नायूचा तुकडा आणि घरचा इतिहास असे वेगवेगळे गट आहेत, प्रत्येकात मोठा किंवा छोटा निकष. दोन मोठे, किंवा एक मोठा आणि दोन छोटे, किंवा वेगवेगळ्या गटांतले चार छोटे जुळले की पक्कं निदान. तुमच्या डॉक्टरला सरळ विचारा, आमच्या माणसाचे कोणते निकष जुळले? चांगला डॉक्टर चिडत नाही, उलट खुर्ची पुढे ओढून सांगतो.

ईसीजीमध्ये छातीवरच्या पहिल्या तीन लीडमध्ये, व्ही१ ते व्ही३, टी वेव्ह उलटी असणं हा मोठा क्लू, पण वय १४ च्या वर असेल तरच, कारण लहान मुलांत ती उलटी असणं नॉर्मल आहे. कधी मोठ्या लाटेच्या शेपटाला एक बारीक खाच दिसते, तिला एप्सिलॉन वेव्ह म्हणतात, दादाच्या ईसीजीत ती होती आणि डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने दाखवली तेव्हा मला ती झेरॉक्सचा डाग वाटली होती. ईसीजी म्हणजे दहा सेकंदांचा फोटो, म्हणून होल्टर, म्हणजे अंगावर बांधायचं २४ तासांचं ईसीजी मशीन, लावतात आणि खालच्या कप्प्यातून उठणारे जादा ठोके मोजतात. २४ तासांत ५०० च्या वर गेले तर तो एक छोटा निकष धरतात. होल्टर लावलाय म्हणून पलंगावर पडून राहू नका, डॉक्टरने चालेल म्हटलं तर रोजची कामं करा आणि किती वाजता धडधड झाली ते लिहून ठेवा, दादाने पहिल्या होल्टरला दिवसभर टीव्ही बघितला आणि मशीननेही बिचाऱ्याने काहीच दाखवलं नाही.

एमआरआयच्या दोन गोष्टी. आयसीडी, म्हणजे ठोका बिघडला की शॉक देणारं मशीन, बसवायचं ठरत असेल आणि पेशंट स्थिर असेल तर हार्टचा एमआरआय आधी करून घ्यायचा का हे विचारा, कारण मशीन बसलं की नंतरचे फोटो खराब येऊ शकतात. आणि एमआरआयमध्ये नुसती चरबी दिसली म्हणून कुणी शिक्का मारला तर दुसरं मत घ्या, उजव्या कप्प्यावर थोडी चरबी निरोगी माणसातही असते, जे सेंटर हार्टचे एमआरआय नेहमी वाचतं तिथेच दाखवा. शिवाय सार्कॉइडोसिस नावाचा आजार हुबेहूब याचं सोंग घेतो, त्याचा उपचार पूर्ण वेगळा आहे, त्यामुळे "सार्कॉइड बघितलं का?" हाही प्रश्न यादीत घाला. आणि तरुण पोराला छातीत दुखून रक्तात ट्रोपोनिन (हार्टच्या स्नायूला इजा झाल्याची खूण) वाढलं, अँजिओ क्लीन, मायोकार्डायटिस म्हणजे हार्टच्या स्नायूला सूज म्हणून घरी पाठवलं आणि काही महिन्यांनी परत तेच, असं झालं तर मागे हा आजार असू शकतो, विशेषतः डेस्मोप्लाकिन या टाक्यांतल्या प्रोटीनच्या जीनमध्ये बिघाड असेल तेव्हा.

जीन टेस्ट कुणाची आधी

ज्याला आजार आहे त्याची. आमच्याकडे उलटं होणार होतं, बहीण घाबरून स्वतःचीच टेस्ट करायला निघाली होती. आजारी माणसात नेमकी कोणती चूक आहे ते आधी कळलं तर तीच एक चूक बाकीच्यांत शोधायची, ते सोपं आणि स्वस्त पडतं. सगळ्यात जास्त सापडतो पीकेपी२ नावाचा जीन. सुमारे निम्म्या पेशंटमध्ये काहीतरी सापडतं, बाकीच्यांत काहीच नाही, पण सापडलं नाही म्हणजे आनुवंशिक नाही असा अर्थ होत नाही, अशा घरात भावंडं, आई-वडील, मुलं सगळ्यांनी ईसीजी, इको, होल्टर करत राहायचं. तिसरं उत्तर येतं व्हीयूएस, म्हणजे चूक दिसतेय पण ती दोषी आहे का ते ठरलेलं नाही, यावर कुणाचं आयुष्य ठरवू नका. रिपोर्ट कुरियरने घेऊन मोकळं होण्यापेक्षा जेनेटिक काउन्सेलरकडे बसून समजून घ्या.

मुलांची तपासणी साधारण १०-१२ वर्षांपासून सुरू करतात आणि दर १ ते ३ वर्षांनी परत. एकदा नॉर्मल आला म्हणजे जन्माचं सर्टिफिकेट मिळालं असं नाही, आजार पुढे विशी-तिशीतही डोकं वर काढतो.

पळणं

आता अवघड भाग. मोठ्या बहिणीचा मुलगा, वय २०, पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे पाचला उठून १६०० मीटर, टायमिंग काढायचा, गावातल्या पोरांत पहिला. त्याचा ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, जीन टेस्ट पॉझिटिव्ह, आणि दादाचीच चूक. बहिणीचा जीन निगेटिव्ह असता तर पोरगं सुटलं असतं, पण तिचाही पॉझिटिव्ह आला.

डॉक्टरांनी त्याला पळणं बंद करायला सांगितलं. सगळे म्हणाले, अहो त्याला काहीच होत नाही, व्यायाम तर हार्टला चांगला. इतर बहुतेकांसाठी चांगलाच. पण अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २०१३ मध्ये असाच जीन असलेल्यांचा अभ्यास छापला, त्यात जे दमसासाचे खेळ खेळायचे त्यांना त्रास कमी वयात सुरू झाला, धोकादायक ठोके जास्त आले आणि हार्ट फेल्युअरही जास्त. गोधडी रोज पिळल्यासारखं. स्पेनचा फुटबॉलर अंतोनियो प्वेर्ता २००७ मध्ये मॅचमध्ये कोसळला आणि तीन दिवसांनी गेला, वय २२. इटलीचा पिएरमारिओ मोरोसिनी २०१२ मध्ये मॅचमध्येच कोसळून गेला, वय २५. दोघांनाही हाच आजार होता. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची ईसीजीसकट तपासणी सक्तीची आहे, आणि तिथल्या व्हेनेतो भागात खेळाडूंचे अचानक मृत्यू १९७९-८० मध्ये वर्षाला लाखामागे ३.६ होते ते २००३-०४ पर्यंत ०.४ वर आले. आपल्याकडे भरतीच्या मैदानावर पोरं उपाशीपोटी, रात्रभर एसटी स्टँडवर झोपून सकाळी पळतात. यावर जास्त लिहीत नाही, बीपी वाढतो.

मग करायचं काय, तर स्पर्धा, मॅरेथॉन, जोराची जिम, कुस्ती, दहीहंडीचे थर हे सगळं बंद. चालणं, हलकी योगासनं चालतात, गप्पा मारत मारत जमेल एवढाच वेग. नेमकी मर्यादा प्रत्येकाची वेगळी, ती डॉक्टरकडून आकड्यात लिहून घ्या, "जपून राहा" हे सांगणं म्हणजे काही नाही.

मशीन आणि गोळ्या

एकदा कोसळून वाचलेल्याला बहुतेक आयसीडी बसवतातच, कॉलरबोनखाली कातडीत काडेपेटीहून थोडी मोठी डबी, वायर हार्टपर्यंत. माणसात ती पहिल्यांदा १९८० मध्ये बसवली. ती आजार बरा करत नाही, ठोका बिघडला की शॉक देऊन सरळ करते. दादाला एकदा बसला, तो म्हणतो म्हशीने छातीत लाथ घातल्यासारखं. नियम साधा, एक शॉक बसला आणि माणूस ठीक आहे तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन, लागोपाठ दोन किंवा जास्त बसले किंवा बरं वाटत नाही तर थेट हॉस्पिटल. मोबाइल डबीपासून १५ सेंटीमीटर लांब, शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात नको. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब उभं राहायचं, वहिनीने ती शेगडी माहेरी देऊन टाकली तो भाग वेगळा. आयसीडीचं कार्ड पाकिटात हवंच.

बीटा ब्लॉकर, सोटालॉल, अ‍ॅमिओडॅरोन असल्या गोळ्या ठोके आवरायला देतात. बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने एकही बंद करायची नाही, अ‍ॅमिओडॅरोनवर असाल तर थायरॉइड आणि लिव्हर तपासत राहायचं. अ‍ॅब्लेशनमध्ये वीज वळसा घालते त्या जागा जाळतात, त्याने शॉक कमी होतात, पण त्यामुळे आयसीडीची गरज संपते असं समजू नका. मुलीला हा आजार असेल तर लग्नानंतर बाळाचा विचार करायच्या आधी कार्डिओलॉजिस्टला भेटायचं, बऱ्याच जणींचं बाळंतपण नीट होतं, फक्त प्लॅन करून.

खर्चासाठी आयसीडी ठरायच्या आधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा, योजनेत काय बसतं ते त्याला विचारा, नंतर कागद फिरत नाहीत. आणि इन्शुरन्सवाला आनुवंशिक आजार म्हणून हात वर करत असेल तर २०१८ मध्ये विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाने नव्या पॉलिसींतून जेनेटिक आजार वगळू नका असं कंपन्यांना सांगितलंय हे त्याला लेखी विचारा. पण फॉर्ममध्ये काही लपवू नका, लपवलेलं निघालं की क्लेम तिथेच मेला.

भाच्याने दोन महिने कुणाशी धड बोलणं टाकलं होतं. शूज अजून दाराशीच आहेत, बहीण ते उचलत नाही आणि तोही. सध्या तो तलाठी भरतीचा अभ्यास करतोय, संध्याकाळी दादाबरोबर कॅनॉलच्या कडेने चालायला जातो, दोघांचा वेग सारखाच, आणि त्याचा पुढचा होल्टर मार्चमध्ये आहे.